रॉकेलचा नवा अल्बम

आमच्या बँडनं तीसेक वर्षांत गाणी केली पंधरा-वीस, पण किस्से झाले पोतंभर. गाणं बसवायला घाम गाळावा लागतो. किश्शाला काही करावं लागत नाही. आम्ही चौघं नुसते जीपमध्ये बसलो तरी सेनगाव यायच्या आत एक होऊन जातो! आणि दर वेळी सगळ्यात मोठा धक्का बसतो तो मलाच. बायको म्हणते, "पन्नाशी उलटली, आता तरी दचकणं सोडा." अहो, कसं सोडू? ऐका, मग तुम्हीच सांगा.

मी सुधाकर. हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि बँडमध्ये मी बेस गिटार वाजवतो. बेस म्हणजे चार तारांची गिटार. आजही कार्यक्रम संपला की कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतंच, "भाऊ, दोन तारा तुटल्या काय?"

*

पहिले नावाचं सांगतो. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी रॉक बँड काढला. गायला प्रकाश, पुसेगावचा. ड्रमवर गौतम, लीड गिटारला दिलीप आणि बेसला मी. बोर्ड रंगवायला ज्या पेंटरला गाठलं, तो गावोगावच्या रेशन दुकानांचे बोर्ड रंगवायचा. "रॉक बँड, हिंगोली" एवढं चिठ्ठीवर लिहून दिलं आणि आम्ही चहाला गेलो.

परत येऊन पाहतो तं बोर्डावर टपोऱ्या अक्षरात "रॉकेल बँड, हिंगोली"!

मी गारच झालो. प्रकाश त्याच्या अंगावर धावून गेला. पेंटर शांतपणे ब्रश पुसत म्हणाला, "तुमी अर्धाच शब्द लिहून देल्ता. मी पुरा केला."

दुसरा बोर्ड करायला वेळ नव्हता, कारण दुसऱ्याच दिवशी गोरेगावच्या बाजारात पहिला कार्यक्रम. सकाळी जीपमधून उतरलो, बोर्ड टांगला आणि वायरी जोडून मान वर केली तं समोर ही लांबलचक लाईन! मला वाटलं, काय आपली कीर्ती! मग दिसलं की प्रत्येकाच्या हातात डबडं आहे.

प्रकाशनं माइकवर हात जोडले. "मायबाप हो, हितं रॉकेल वाटत न्हाईत. रॉकेल म्हंजी आमीच हाओत!"

पहिल्या नंबरवरची म्हातारी म्हणाली, "मंग लिटरभर तं द्या!"

नाव चिकटलं ते चिकटलंच.

*

आता माझ्या पापाचा किस्सा. हा सांगायला नको वाटतं, पण याच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

प्रकाशचं लग्न झालं गोरेगावजवळच्या एका खेड्यात, नवरीच्या मांडवात. नवरी म्हणजे आमच्या मंदावहिनी. मित्राचं लग्न, म्हणून फोटो मीच काढणार. आणि नवरदेव बँडचा, म्हणून बेसही मीच वाजवणार! एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्या खांद्यावर गिटार. तेव्हा रोलचे कॅमेरे होते, छत्तीस फोटो काढले की रोल संपला. मी मांडवात रोलची डबी बाहेर काढली, आता कॅमेऱ्यात घालणार, तेवढ्यात पोरं ओरडली, "सुध्या, गिटार!" डबी कुठंतरी ठेवली आणि पळालो.

पुढं दिवसभर मी फोटो काढले. अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी. फ्लॅश असा लखलखत होता की भटजी दोनदा मंत्र विसरले. संध्याकाळी हिंगोलीला येऊन कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.

आत काहीच नव्हतं!

तुम्हाला खोटं वाटंल, पण मी तिथंच फरशीवर बसलो. बॅगा उपसल्या, खिसे उलटे केले. रोलही गेला आणि लग्नही गेलं.

आठ दिवसांनी पुसेगावला गेलो. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण वहिनींनी पाण्याचा तांब्या दिला आणि हसून विचारलं, "भाऊजी, अल्बम कवा?"

माझ्या तोंडून निघालं, "येऊन राहिला, वहिनी. रोल धुवायला टाकलाय नांदेडला."

झालं! त्या दिवसापासून सत्तावीस वर्षं तो अल्बम येऊनच राहिला आहे. आधी लॅबची मशीन बिघडली. मग लॅबमध्ये पाणी शिरलं. मग लॅबवाला मेला. दोन-चार वर्षांनी मला काही सुचेना, तं मी पुन्हा त्यालाच मारलं. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भाऊजी, हा तं त्या साली बी मेला व्हता."

मी म्हणालो, "हा त्याचा भाऊ."

"अरारा!" म्हणाल्या आणि भाकर उलटली.

*

लग्नानंतर प्रकाश झेडपीच्या शाळेत मास्तर झाला, गौतम एसटीच्या डेपोत मेकॅनिक, दिलीपनं डीजेची गाडी काढली. बँड आपोआप बंद पडला. भांडण नाही, काही नाही. आपापल्या कामाला लागलो, एवढंच.

मग मागच्या साली प्रकाशच्या घशाचं ऑपरेशन झालं. मी आणि गौतम भेटायला गेलो. गौतमनं दारातूनच हाक मारली, "काय मास्तर, काय म्हन्ता?" आणि प्रकाशनं तोंड उघडलं तं आवाजच नाही! नुसती हवा. ट्यूबमधून निघावी तशी.

ह्या माणसाचा आवाज म्हणजे गोरेगावच्या बाजारात लावला तं सेनगावच्या फाट्यावर ऐकू यायचा हो. मी त्याच्याकडं बघूच शकलो नाही. गौतम तं अंगणात जाऊन उभा राहिला.

प्रकाशनं उशाखालून शाळेतली पाटी काढली. आता तो पाटीवर लिहून बोलतो. अक्षर मास्तराचं, मोत्यासारखं. त्यानं लिहिलं, "सात गाणी लिहून ठेवली हायेत. चालीसकट. मला एकदा लोकांत बसून ऐकायचीत."

पुसलं आणि परत लिहिलं, "रॉकेल पेटवा."

प्रकाश आणि मी, दोघंही रडलो. आत वहिनींच्या भांड्यांचा आवाज तेवढा येत होता.

*

पहिले दिलीपकडं गेलो. तो म्हणाला, "सुध्या, मी एक बटन दाबतो अन् पाचशे लोकं नाचतात. तारा काहून दाबू?" विषय संपला.

आता लीड गिटारला कोण? या विचारात गौतमच्या घरी गेलो तं आतल्या खोलीतून गिटार ऐकू आली. अशी सणसणीत की माझ्या अंगावर काटा! मी म्हणालो, "गौतम, ही कोणाची कॅसेट आहे रे?"

गौतम म्हणाला, "कॅसेट न्हाई. प्रज्ञा हाय."

प्रज्ञा त्याची पोरगी. गोरेगावकडं तलाठी आहे! दिवसभर सातबारे देते, आणि घरी आली की हे! एवढ्याशा लेकराला मी जावळाच्या फोटोत पाहिलेलं. ती बाहेर आली, माझ्या खांद्यावरची बेस हातात घेतली, एक तार छेडली आणि म्हणाली, "काका, तुमचा सूर उतरलाय. किती साल झाले?"

मी खुंट्या पिळायला घेतल्या.

*

गायक मात्र मिळेना. एक पोरगं आलं, ते मोबाइलमधून आवाज बदलल्याशिवाय गाईना. एक भजनी बुवा आले, आवाज पहाडी, पण दर ओळीनंतर टाळकऱ्यांसाठी थांबायचे. आम्ही वाट बघायचो, बुवाही वाट बघायचे. प्रकाश प्रत्येकाला ऐकून पाटीवर फक्त "न्हाई" लिहायचा. पुढं पुढं तं तो "न्हाई" पुसायचाही नाही, तीच पाटी वर धरायचा.

जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली होती. आम्ही प्रकाशच्या शेतात बसून चहा पीत होतो. पोरगा पुण्याला, प्रकाश असा, म्हणून शेत वहिनीच बघतात. पाखरं हाकलायला चार बल्ल्यांवर बांधलेल्या माळ्यावर त्या उभ्या होत्या, हातात गोफण. तेवढ्यात पाखरांचा थवा उतरला.

आणि वहिनींनी हाळी दिली.

"हाऽऽऽऽऽ हुर्रर्रर्रऽऽऽ!"

गौतमच्या हातातला कप खाली. तो आवाज खालून निघाला, वर चढला, वर जाऊन फाटला आणि फाटलेलाच तसाच तिथं उभा राहिला! दम म्हणून संपेना. पाखरं तं उडालीच, शेजारच्या शेतातला माणूसही उठून उभा राहिला.

प्रज्ञा पुटपुटली, "काका, ही नोट मला गिटारवर बी लागत न्हाई."

मी प्रकाशकडं बघितलं. सत्तावीस वर्षं संसार केलेला माणूस, पण बायकोकडं असा बघत होता की आत्ताच ओळख झाली. कधी शाळा सोडून दुपारी शेतात आला असता तं कळलं असतं. त्यानं पाटी घेतली. लिहिलं, "व्हय."

*

वहिनींना विचारायला मलाच पुढं ढकललं. मी म्हणालो, "वहिनी, आमच्या नव्या अल्बममध्ये तुम्ही गा."

"अल्बम?" त्यांनी गोफण खाली ठेवली. "माझा अल्बम देल्ला न्हाई, अन् तुमचा नवा निघाला बी?"

"हा गाण्यांचा अल्बम, वहिनी. ऐकायचा."

"मला बघायचा पाहिजे." मग प्रकाशकडं एक नजर टाकून म्हणाल्या, "मास्तरांसाठी मी गाईन. शिकवाल तसं गाईन. पण तुमचा अल्बम लोकांपुढं येईल त्या दिवशी माझ्या लग्नाचा अल्बम माझ्या हातात पाहिजे. न्हाई तं मी ष्टेजवर चढत नसते!"

गौतम खुशीत टाळ्या वाजवायला लागला. "एवढंच ना? सुध्या, देऊन टाक की!"

मला घाम फुटला. जानेवारीत!

*

गाणी माझ्या स्टुडिओतच रेकॉर्ड केली. जुनी डार्करूम रिकामीच पडली होती. भिंतींना गोधड्या टांगल्या, बाहेरचा आवाज बंद. पण वहिनींचा आवाजही बंद! बंद खोलीत त्यांना हाळी निघेना. "समोर पाखरू न्हाई, मी वरडू कोनावर?"

प्रकाशनं पाटीवर एक चिमणी काढली आणि समोर धरली. वहिनी हसायला लागल्या. मग म्हणाल्या, "गोफण आना."

गोफण आणली. हातात ती आल्याबरोबर आवाज असा सुटला, आणि तिसऱ्या कडव्याला हातही सुटला! गोफणीत दगड असेल असं आम्हाला काय माहीत? सवयीनं ठेवलेला. वरचा बल्ब फुटला, सगळीकडं अंधार, आणि अंधारात वहिनी गातच राहिल्या. थांबल्याच नाहीत. तेच गाणं अल्बममध्ये पहिलं घेतलंय. नीट ऐका, काच फुटल्याचा आवाज येतो. पुण्याचा एक जाणकार मला फोनवर म्हणाला, "तिथला इफेक्ट फार कल्पक आहे."

*

अल्बमच्या प्रकाशनाआधी एक ट्रायल म्हणून, वहिनींना न घेता, गोरेगावच्या बाजारातच नुसतं वाजवलं, जुन्या जागी. या वेळी डबडी नव्हती. आता रॉकेल कुठं मिळतं? म्हटलं, चला, आता तरी लोकं गाण्यासाठी आले.

प्रज्ञाचा सोलो रंगात आला. डोळे मिटलेले, केस तोंडावर, बोटं दिसेनात. पुढच्या रांगेतला एक जण उठला, हात वर करून काहीतरी हलवायला लागला. मी गौतमला खूण केली, बघ, पब्लिक पागल झालं! तो माणूस स्टेजपाशी आला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला,

"मॅडम! माझा फेरफार!"

त्याच्यामागं अजून चौघं कागद घेऊन उभे होते. प्रज्ञानं डोळे न उघडता, एक तारही न चुकवता सांगितलं, "सोमवारी या!"

*

आता उरले होते चार दिवस, आणि माझ्याजवळ अल्बम नव्हता. मी काय करावं? लाज वाटते सांगायला, मी कॉम्प्युटरवर बसलो. दुसऱ्याच एका जोडप्याच्या लग्नाचे जुने फोटो घेतले, वहिनींचा चेहरा रेशन कार्डवरून घेतला, प्रकाशचा शाळेच्या ओळखपत्रावरून, आणि बसवले. तीन दिवस खपलो. छापून, जाड पुठ्ठ्यात बांधून, आधी प्रकाशला दाखवला.

त्यानं एकेक पान उलटलं. मग पाटीवर लिहिलं, "मिशी कोनाची?"

लग्नात प्रकाशला मिशीच नव्हती!

मी सगळं ओकलो. डबी, रिकामा कॅमेरा, दोनदा मारलेला लॅबवाला, सगळं. वाटलं आता हा पाटी डोक्यात घालतो. प्रकाशनं पाटी पुसली. मग लिहिलं, "मला वाटायचं मी फोटोत वाईट दिसलो म्हून तू लपवलास."

पुसलं. परत लिहिलं.

"मंदाला खरं सांग. ती न्हाई गायली तं राहू दे गाणी."

मी म्हणालो, "अरे, पण तुला ऐकायची होती ना? सगळ्यांसमोर?"

त्यानं पाटी तशीच धरून ठेवली. ज्या माणसाचा आवाज गेला, त्याची शेवटची इच्छा म्हणावी अशी एक गोष्ट, आणि तीही तो माझ्या खोटेपणापायी सोडून द्यायला तयार! माझी मलाच अशी शरम वाटली, काय सांगू. तो बनावट अल्बम मी घरी जाऊन बंबात घातला.

*

प्रकाशन हिंगोलीतल्या एका मंगल कार्यालयात. दारावर आमचा जुना बोर्ड, खाली नवीन बॅनर: नव्या अल्बमचं प्रकाशन. मंगल कार्यालय आणि अल्बम, हे दोन शब्द एका जागी आले की आमच्याकडं अर्थ एकच! लोक आहेराचे टोपी-टावेल घेऊन आले. एका आजोबांनी गौतमला टोपी घातली, हातात टावेल दिला आणि विचारलं, "नवरी कुठाय?" गौतम म्हणाला, "तयार होऊन राहिली."

हॉल भरला. पहिल्या रांगेत मधोमध प्रकाश, मांडीवर पाटी. हसत होता, पण चेहरा पांढरा पडलेला. मी वहिनींना काय सांगणार ते फक्त त्याला आणि मला माहीत होतं.

मी पडद्यामागं गेलो. एका खांद्यावर गिटार, दुसऱ्या खांद्यावर तोच जुना कॅमेरा. हा रिकामा होता, असं उघडून दाखवायचं ठरवलं होतं. वहिनी हिरवं नऊवारी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. मी त्यांच्यासमोर खालीच बसलो.

"वहिनी, तुमच्या लग्नाचा अल्बम..."

"येऊन राहिला. व्हय ना?"

"न्हाई, वहिनी." मी कॅमेरा पुढं धरला. "तो कधी येणारच नव्हता. माझ्या कॅमेऱ्यात त्या दिवशी..."

त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. पिशवीत हात घातला, रुमालाची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर एक छोटी डबी ठेवली. रोलची डबी! सील तसंच. वर कुंकवाचा जुना डाग, आणि डागाला चिकटलेला अक्षतांचा एक दाणा.

"मांडवपरतणीला माहेरी गेले, तवा अक्षताच्या टोपल्यात सापडली," म्हणाल्या. "लग्नाच्या तिसऱ्या दिवशी."

तिसऱ्या दिवशी! मी पहिलं खोटं बोललो ते आठव्या दिवशी!

वहिनी उठल्या, पदर खोचला आणि सरळ स्टेजवर गेल्या. पडदा सरकला. मी कसाबसा मागून जाऊन माझ्या जागी उभा राहिलो, डबी मुठीत. प्रकाश खुर्चीतून अर्धा उठलेला, माझ्याकडं बघून नुसत्या भुवयांनी विचारत होता, काय झालं?

गौतमनं काठ्या वर केल्या. एक. दोन. तीन...

वहिनींनी हात दाखवून त्याला थांबवलं. माइक तोंडाजवळ घेतला, माझ्याकडं वळल्या आणि भरल्या हॉलसमोर विचारलं,

"भाऊजी, रोल घातला का?"